सीरम, ड्रॉपर आणि चाळीस रुपये : सात महिन्यांनंतर

आज सकाळी नायसिनामाइडची बाटली संपली, गालांवरच्या वांगासाठी लावते त्या सीरमची. म्हणजे ड्रॉपरच्या मते संपली. तळाशी अजून सीरम दिसतंय, पण काचेची नळी तिथवर पोचतच नाही. बाटली तिरपी करा, पालथी करा, नळी नुसती हवा ओढते आणि फुर्र करते.

आता हिशेब. बाटली ३० मिलीची, किंमत ५९९. पाण्याचा साधारण नियम असा की वीस थेंबांचा एक मिली. मी मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणून मोजलं, माझ्याही ड्रॉपरचे वीसच भरले. म्हणजे एका बाटलीत सहाशे थेंब, एक थेंब एक रुपया. तळाशी राहिलं ते दोन मिली, म्हणजे चाळीस रुपये. तीन कंपन्यांच्या तीन बाटल्या या वर्षात घरात आल्या आणि तिन्हींच्या नळ्या आखूड. काचेला दोन सूत लांबी जास्त दिली असती तर कोणाचं दिवाळं निघालं असतं?

किती टक्क्यांचं, कोणतं सीरम कशासाठी, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून ते परत सांगत नाही. मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात टपाल वाटते. सकाळी शाखा डाकघर, मग स्कूटीवर शेजारची तीन गावं. तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो, तरी दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले आणि उन्हाने गडद होत गेले. सीरमच्या नादी लागले ती त्या वांगापायी.

पहिलं घेतलं व्हिटॅमिन सी. एप्रिलच्या शेवटी मागवलं. सासूबाईंनी खोका पाहिला. "दारात संत्र्याची बाग, अन् हे बाई बाटलीतला संत्रा इकत घेते!" मी हसले. हसायला नको होतं.

पार्सल कुरियरने आलं. आमच्या गावात कुरियर येत नाही, तालुक्याला पत्र्याच्या शेडमधून आणावं लागतं. तिथे ते सहा दिवस पडून होतं. एप्रिल संपताना दुपारी पत्र्याखाली काय होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आणि व्हिटॅमिन सीचा जो सगळ्यात कामाचा प्रकार, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, त्याला तीन शत्रू : उष्णता, उजेड आणि हवा. उजेडासाठी कंपनीने बाटली तपकिरी काचेची दिली. उष्णतेची सोय शेडने केली. हवा रोज दोन वेळा ड्रॉपर उघडून मीच घातली. इथे दाबायचा बंद पंप का देत नाहीत, हा प्रश्न मी अजून विचारतेय.

पहिल्या दिवशी तळहातावर घेतलं तेव्हा फिकट पिवळं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोऱ्या चहासारखं. तपकिरी काचेतून बाहेरून काही कळत नाही, तळहातावर ओतल्यावरच कळतं. बोटांची टोकं पिवळी, नखांच्या कडा पिवळ्या. एका सकाळी सासूबाई माझ्या उशीची पांढरी खोळ उजेडात धरून उभ्या. गाल टेकतो बरोबर तिथे दोन्ही बाजूंना हळदीचे ठसे. "माय वो, हळद लावून झोपते का काय तू?" खोळ तीनदा धुतली. डाग आहेत अजून.

कंपनीशी बोलणं सुरू केलं. उत्तर आलं, "हलका पिवळा रंग सामान्य आहे." ते खरंच आहे, हलका पिवळा चालतो. पण कोरा चहा हलका पिवळा नसतो. तळहातावरचा फोटो पाठवला, तर म्हणे फोटोत त्वचेचा रंग मिसळतो. पांढऱ्या बशीत ओतून पाठवला (पाच थेंब, पाच रुपये). मग म्हणे, उघडलेली बाटली परत घेत नाही. अरे बाबा, तपकिरी बाटलीतला रंग न उघडता पाहायचा कसा? मग लेबल नीट वाचलं. उत्पादनाची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. हे मी आधी पाहायला हवं होतं. लोकांच्या पार्सलवरचा पिनकोड न चुकता वाचणारी मी, स्वतःच्या बाटलीवरची तारीख वाचली नाही.

१९१५ ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे. तिथल्या ताईंनी तक्रार नोंदवून घेतली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे की विकणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. हे वाक्य पुढच्या मेलमध्ये जसंच्या तसं लिहिलं, तेव्हा भाषा एकदम बदलली. तेविसाव्या दिवशी पैसे आले. डिलिव्हरीचे ४९ कापून. त्या ४९ रुपयांवर मी अजून थोडी चिडलेली आहे, ते सोडून द्या असं घरातले सगळे म्हणतात.

मधल्या काळात पुण्याहून आलेली नणंद तिचं हायलुरॉनिक सीरम ठेवून गेली, "वहिनी, हे कोणत्याही त्वचेला चालतं" असं सांगून. पुण्यात चालत असेल. हा पदार्थ पाणी धरून ठेवतो, पण पाणी कुठून तरी मिळायला हवं ना. मेमध्ये आमच्याकडे हवा इतकी कोरडी की दोरीवरचा दुपट्टा चहा होईस्तोवर वाळतो. कोरड्या तोंडाला लावलं की दहा मिनिटांत कातडी ताणल्यासारखी. पण रात्री कूलरसमोर, ओलसर तोंडावर लावून वर लगेच साधं क्रीम लावलं तर बरं वाटायचं. जुलैत तेच सीरम गालावर चिकट बसलं, माशी बसली तर उडणार नाही असं. तेव्हा बंद केलं.

जूनमध्ये नायसिनामाइड घेतलं, दहा टक्क्यांचं. म्हटलं, जास्त टक्के म्हणजे जास्त काम. सकाळ-संध्याकाळ चार-चार थेंब. गाल जळजळले, लाल झाले, वरून सनस्क्रीन लावलं की खोडरबर घासल्यासारखे बारीक तुकडे सुटायचे. पंधरा दिवसांत १२० थेंब उडवले आणि एक तारा देऊन मोकळी झाले. "पैसे पाण्यात" असं लिहिलंही होतं.

तो एक तारा मी परत घेतेय. आज चार देते.

झालं असं की जुलैत दिराच्या कामाने अमरावतीला जाणं झालं, तिथे एका त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाटलीवरचे घटक वाचले आणि विचारलं, तोंड कशाने धुता? मी सांगितलं, पिंपल्सवाल्या फेसवॉशने, दिवसातून चारदा, कारण स्कूटीवरून आलं की तोंड तेलकट. त्या म्हणाल्या, आधीच सोललेल्या कातडीवर तुम्ही दहा टक्के ओतताय. वांगासाठी नायसिनामाइडचे अभ्यास बहुतेक चार-पाच टक्क्यांवरचे आहेत, दहाची गरज नाही. बाटली फेकू नका, मटारएवढ्या क्रीममध्ये तीन थेंब मिसळून रात्री लावा. फेसवॉश दोनदाच. आणि सनस्क्रीन दोन बोटं भरून, पहिलं आणि मधलं, रोज, नाहीतर सीरमला अर्थ नाही. वांगासाठी रंग असलेलं सनस्क्रीन चांगलं, कारण त्यातलं लोहाचं ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं. दोन बोटांनी ट्यूब तीन आठवड्यांत संपते. सीरमपेक्षा सनस्क्रीन महाग पडतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

"फेकू नका" हे त्यांचे शब्द ऐकून मी निम्मी बरी झाले.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलेली परीक्षा केली. तोंड धुवून पुसायचं, काही लावायचं नाही, तासाभराने पातळ कागद कपाळ, नाक, गाल असा वेगवेगळा दाबायचा. भज्यांचा कागद जसा तेलाने पारदर्शक होतो तसं पाहायचं. जुलैत माझे चारही कागद तेलकट. नोव्हेंबरात, आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू असताना परत केलं, तर नाकाचा कागद तेलकट आणि गालाचा कोरडा ठणठणीत, उलट गालावर पांढरी साल निघत होती. म्हणजे मी "तेलकट त्वचा" की "कोरडी त्वचा"? कोणत्या महिन्यात विचारताय त्यावर आहे. सीरम निवडायच्या तक्त्यात त्वचेचा एकच चौकोन निवडायला सांगतात, ते तक्ते करणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी आमच्याकडे नवतपा काढावा आणि परत एकदा डिसेंबरच्या पहाटे बागेत उभं राहावं.

मग मी केलं ते असं. नायसिनामाइड बाराही महिने, कारण हे गरमीने बिघडत नाही, रंग बदलत नाही, शेडमध्ये पडून राहिलं तरी चालतं. आमच्यासारख्यांसाठी हा गुण टक्केवारीपेक्षा मोठा. नोव्हेंबरपासून त्याच्या आधी ओल्या तोंडावर नणंदेचं हायलुरॉनिक. व्हिटॅमिन सी परत घेतलंच तर हिवाळ्यात, छोटी बाटली, आणि तारीख वाचून.

दिराचं वेगळं. तो एकवीस वर्षांचा, तोंडभर पिंपल्स, त्याला दोन टक्क्यांचं सॅलिसिलिक. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत उतरतं, तेलकट आणि पिंपल्सवाल्या तोंडाला ते बरोबर आहे. पण पठ्ठ्याने पहिल्याच आठवड्यात रोज लावलं आणि दिवसभर बागेत फवारणीला गेला. "वहिनी, तोंड आगीवानी होऊन रायलं!" आता आठवड्यातून दोन रात्री लावतो, नीट आहे. जाऊबाईंना दिवस आहेत, त्यांनी रेटिनॉलवाली (व्हिटॅमिन ए वाली) बाटली मागवली होती ती मी परत करायला लावली, गरोदरपणात रेटिनॉल नको असतं. नवीन काहीही आणलं की आधी कानामागे लावून दोन दिवस थांबायचं, हा नियम आता घरात सगळ्यांना पाठ आहे, सासूबाई सोडून.

एक मात्र रागाने लिहिते. मी टपाल वाटते त्या एका गावात एका मुलीचा चेहरा दोन महिन्यांत उजळला. सगळ्या तिला विचारायच्या, कोणतं सीरम? मग चेहरा लाल व्हायला लागला, उन्हात गेलं की आग, गालावर बारीक लव, पातळ कातडीतून शिरा दिसायला लागल्या. ते सीरम नव्हतंच. दुकानातून कोणीतरी "आठ दिवसांत फरक" म्हणून दिलेली ट्यूब होती. मी ती मागून घेऊन पाहिली : लाल उभी रेघ (म्हणजे चिठ्ठीवरच द्यायचं औषध) आणि घटकांत मोमेटासोन. स्टेरॉइड. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, यांतलं एकही नाव तोंडाच्या ट्यूबवर दिसलं आणि चिठ्ठी नसेल तर ती हातातही घेऊ नका. लावत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, अचानक सोडल्यावर चेहरा आणखी भडकतो.

परत बाटलीवर येते.

फरक पडला का? पडला, पण ज्याला सांगितलं नाही त्याला दिसणार नाही असा. जुलैच्या मध्यापासून रोज रात्री तीन थेंब. वांग गेले नाहीत. कडा फिकट झाल्या, उजवीकडचा डाग निम्म्यावर आला, नाकावर दुपारपर्यंत तेल येत नाही. किती सीरमचं आणि किती दोन बोटं सनस्क्रीनचं, ते मला वेगळं काढता येणार नाही. मोठा वाटा सनस्क्रीनचा असावा, असं वाटतं. म्हणून चार तारे, पाच नाहीत. पाचवा ड्रॉपरमुळेही गेला असता.

ठेवायची जागाही सांगून ठेवते. फ्रिजमध्ये ठेवलं होतं, पण सासूबाईंना दह्याच्या शेजारी तोंडाचं औषध चालेना, आणि लोडशेडिंगमध्ये आमचा फ्रिज नुसतं कपाट असतो. शेवटी स्टीलचा छोटा डबा माठाच्या तिवईखाली, सावलीत. कपाटापेक्षा तिथे बाटली हाताला चांगलीच थंड लागायची. तिथे ती पाहून सासऱ्यांनी एकदा विचारलं, "हे डोळ्यात टाकाचं औषध हाये का वं?" तेव्हापासून डब्यावर मोठ्या अक्षरात "तोंड" लिहून चिकटवलंय.

काल भरदुपारी पलीकडच्या गावात एका पोरीला पार्सल दिलं. खोक्यावरून ओळखलं, व्हिटॅमिन सीच होतं. दुसऱ्याच्या टपालात तोंड घालायचं नसतं, हे मला माहीत आहे. तरी सही घेताना म्हटलंच, "तारीख पाहून घे, अन् माठाजवळ ठेव."

आत्ता लिहिताना माझी बाटली स्टीलच्या पेल्यात पालथी ठेवलीय, झाकण घट्ट लावून. तळाचं सगळं मानेत जमलंय. थोड्या वेळाने झाकण काढून सिरिंजने ओढणार. सासूबाई आधीच पाटावर बसल्यात, टाचा धुवून, पुसून. त्यांच्या भेगांवर अर्धं मिली, म्हणजे दहा रुपये. बाकीचे तीस माझे.