हायपो बोआचं पिल्लू आणि त्याचा वंशाचा कागद: माझा अभिप्राय

बोआ जातीच्या सापाचं हे हायपो, म्हणजे काळा रंग कमी असलेलं, पिल्लू उत्तम निघालं. त्याच्यासोबत मिळालेला वंशाचा कागद मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात स्वच्छ आहे. दोन गोष्टींत मात्र ब्रीडर कमी पडले, तेही सांगते. अभिप्राय बराचसा कागदाबद्दलच आहे, कारण पिल्लाचा रंग फोटोत कुणालाही दिसतो. त्या रंगामागचं रक्त विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि नीट सांभाळलेला बोआ 20 ते 30 वर्षं जगतो.

माझ्याकडे काह्ल अल्बिनो नर आहे. त्याच्याशी पुढे जोडी लावता येईल अशी मादी मला हवी होती. टबावर चिठ्ठी होती: ‘हायपो मादी, 66% हेट अल्बिनो’. एवढ्यावर भागत नाही. बोआमध्ये काह्ल आणि शार्प अशा दोन अल्बिनो ओळी आहेत. दोन्हींतली पिल्लं पांढरी-पिवळी आणि लाल डोळ्यांची असतात, पण जनुकं वेगळी. काह्ल आणि शार्पची जोडी लावली तर सगळी पिल्लं साध्या रंगाची निघतात. प्रत्येकात दोन्ही जनुकं एकेक असतात, पण दिसत एकही नाही. म्हणून कुठला अल्बिनो, हा माझा पहिला प्रश्न होता. ब्रीडरनी लगेच बापाचं जुनं कार्ड काढून समोर ठेवलं. त्यावर ‘काह्ल’ असं शाईने लिहिलेलं, खाली जन्माची तारीख आणि पिल्लू असतानाचा फोटो.

आता 66 टक्क्यांबद्दल. अल्बिनोचं जनुक सुप्त आहे, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तरच रंग दिसतो. एकच प्रत असलेला बोआ म्हणजे हेट. आईबाप दोघं हेट असतील तर सरासरी चारात एक पिल्लू अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण कोरं. अल्बिनो ओळखू येतात, ते बाजूला काढले की उरलेल्या तिनांत दोन हेट. हेच ते 66%. माझी पिल्ली 66 टक्के हेट नाही. ती एक तर हेट आहे किंवा नाही. आकडा आपल्या अंदाजाचा आहे, तिच्या अंगातल्या जनुकाचा नाही.

पण हा अंदाजसुद्धा आईबाप खरोखर हेट असतील तरच खरा. इथे या ब्रीडरचं काम मला फार आवडलं. त्यांनी अख्ख्या वेताचा, म्हणजे सगळ्या भावंडांचा एकत्र फोटो जपून ठेवला आहे. त्यात साधी पिल्लं आहेत, हायपो आहेत, लाल डोळ्यांचे अल्बिनो आहेत आणि हायपो व अल्बिनो एकत्र आलेले नारिंगी सनग्लोही आहेत. आई दिसायला साधी, बाप हायपो. दोघंही अल्बिनो नाहीत. तरी वेतात अल्बिनो निघाले, म्हणजे दोघांकडेही ते जनुक आहे. दुसऱ्या कुठल्याही पुराव्याची गरज उरत नाही. हेट पिल्लू घेताना आईबापांच्या फोटोआधी भावंडांचा फोटो मागा, असं मी प्रत्येकाला सांगते.

त्याच फोटोने हायपोचाही प्रश्न सुटला. हायपो हा प्रभावी गुण आहे, एक प्रत असली तरी काळा रंग उतरतो आणि पाठीवरचे पट्टे फिकट होतात. दोन प्रती असलेला सुपर हायपो नुसत्या नजरेने खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून ‘पॉसिबल सुपर’ अशी चिठ्ठी लावून जास्त पैसे घेण्याची पद्धत आहे. इथे आई हायपो नाही, त्यामुळे पिल्लात दुसरी प्रत यायला वाटच नाही. ब्रीडरनी तसा दावाही केला नव्हता. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं, तेवढंच त्यांना माहीत होतं.

पिल्लू हातात घेतलं तेव्हा तिने शेपटीने माझ्या मनगटाला घट्ट वेढा घातला. अशा पकडीवरून मला पिल्लाची ताकद कळते. हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांच्या कडेला गोचीड-माइट नव्हते, तोंडात फेस नव्हता, पाठीचा कणा बोटाखाली सरळ लागला. दोन्ही डोळे सारखे आणि पूर्ण वाढलेले होते. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण काह्ल ओळीत पूर्वी जवळच्या नात्यात जोड्या लागल्या आणि लहान डोळ्यांची किंवा डोळाच नसलेली पिल्लं निघाली, हे बोआ पाळणाऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून मी नातं विचारलं, आणि उत्तर सरळ मिळालं. बापाचा बाप सनग्लो, आईची आई अल्बिनो, आणि ते दोघं सख्खे भाऊबहीण. म्हणजे पिल्लीचे आईबाप मामे-आते भावंडं झाले. अशा नात्यातल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांच्या रक्तातल्या जवळिकीचं माप, 1/16, म्हणजे 6.25 टक्के येतो. मला तो चालला, कारण माझा नर दुसऱ्या रक्ताचा आहे आणि पुढच्या पिढीत हे अंतर वाढेल. भावाला बहीण लावली असती तर मी परत फिरले असते. आईच्या बापाबद्दल मात्र कागदावर फक्त ‘साधा’ एवढाच शब्द आहे. कुठून आला, कुणाचा, काही नाही. ही पहिली उणीव.

दुसरी उणीव आजाराच्या तपासणीची. बोआमध्ये इन्क्लूजन बॉडी डिसीज, म्हणजे आयबीडी, हा सगळ्यात भीतीदायक आजार. त्याचा संबंध अरेनाव्हायरस कुळातल्या विषाणूंशी असल्याचं 2012 साली पुढे आलं. बाधित बोआ वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो आणि मादीकडून पिल्लांत विषाणू जाऊ शकतो. ब्रीडरनी आईची रक्ततपासणी केली होती, निकाल निगेटिव्ह, कागद दाखवला. बापाची केलीच नव्हती. जोडी लागताना दोघं एकाच टबात असतात, तेव्हा एकाची तपासणी अर्धीच. मी पिल्लीला वेगळ्या खोलीत ठेवलं आहे, चिमटा आणि पाण्याचं भांडं वेगळं, आणि रक्त काढण्याइतकी मोठी झाली की तिची तपासणी करून घेणार आहे.

खाण्याची नोंद चोख होती: पहिली कात टाकल्यानंतरचं पहिलं खाणं, प्रत्येक वेळी उंदराचं वजन, विष्ठा कधी झाली, कधी नाकारलं. तिने माझ्याकडे गोठवून वितळवलेला उंदीर कसलेही आढेवेढे न घेता घेतला.

कार्डावर ‘कोलंबियन’ असंही छापलं आहे. ते मी मनातल्या मनात खोडलं. रंगांच्या ओळी तयार करताना वेगवेगळ्या ठिकाणचे बोआ इमपरेटर (आपल्याकडच्या या बोआंची प्रजाती) इतक्या पिढ्या मिसळले गेले आहेत की हायपो-अल्बिनो रक्ताला एका देशाचं नाव चिकटवण्यात अर्थ राहत नाही. ज्यांना ठिकाणच महत्त्वाचं आहे, उदाहरणार्थ होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे लहानखुरे हॉग आयलंड बोआ, त्यांनी मूळ आयातीपर्यंतची साखळी मागावी. रंगरूपावरून ठिकाण ओळखल्याचा दावा मी मानत नाही.

आता ती खरोखर हेट आहे का, हे कळायला वेळ लागेल. बोआची मादी जोडीसाठी तयार व्हायला साधारण तीन-चार वर्षं लागतात. माझ्या अल्बिनो नराशी जोडी लागली आणि ती हेट असली तर सरासरी निम्मी पिल्लं अल्बिनो येतील. वेतात 10 पिल्लं झाली आणि एकही अल्बिनो नसलं, तर ती हेट असूनही असं घडण्याची शक्यता 1024 मध्ये 1. तेव्हा मी तिला साधी हायपो मानेन. तोवर तिला नराचा सहवास नसावा याची काळजी घेणार, कारण बोआ मादी नराचं वीर्य बराच काळ साठवून ठेवू शकते. शिवाय नराशिवायही पिल्लं होऊ शकतात. 2011 साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये छापलेल्या अभ्यासातल्या मादीला दोन वेतांत सगळ्या मुलीच झाल्या, सगळ्या आईच्याच दुर्मीळ कॅरॅमल रंगाच्या, आणि जनुकीय तपासणीत बापाचा मागमूस नव्हता. सोबत ठेवलेले नर त्या रंगाचे वाहक नव्हते म्हणून शंका आली. नोंदी नसत्या तर बाप भलताच ठरला असता.

कुणाला घ्यायचंच असेल तर या वेतातल्या हायपो माद्या नक्की घ्याव्यात. साध्या रंगाच्या ‘66% हेट’ नरांसाठी मात्र मी साध्या बोआपेक्षा जास्त पैसे देणार नाही. बापाची आयबीडी तपासणी करून घेतो असं ब्रीडरनी मला सांगितलं आहे. तो कागद आधी मागून घ्या, मग टब उघडायला सांगा.