डोकं आधी भादरलं, कागद नंतर दिला

केस लावून घ्यायचे 75,000 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'किती घातलेस रे' हा प्रश्न मिटला. त्यावर पीआरपीचे (आपल्याच रक्तातला घटक काढून डोक्यात टोचतात ते) 10,500 आणि नंतर डोक्यात झालेला पू निस्तरायला दुसऱ्या डॉक्टरकडे गेले ते 11,240. एकूण 96,740. भोसरीच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला ही रक्कम छोटी नाही. आईला मी 30,000 सांगितलेत.

हसायचं असेल तर हसून घ्या. वय तेहतीस, लग्नाचं बघणं चालू. पाच ठिकाणांहून फोटो पाहिल्यावर 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. त्यातल्या दोन ठिकाणी तर आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. तेव्हा केस लावून घ्यायचं डोक्यात आलं तर त्यात माझं काय चुकलं?

जाहिरात कशी असते, काउन्सेलर बाई कशा 'दादा, दादा' करतात, आजच टोकन भरलं तर किती सूट, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं. मी डोळे मिटून गेलो नव्हतो, तीन ठिकाणी चौकशी केली होती. पहिल्या ठिकाणी एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी झालेले डॉक्टर स्वतः भेटले. त्यांनी भिंग लावून मागचे केस पाहिले आणि 2,200 ग्राफ्ट, म्हणजे मागून काढून पुढे लावायची केसांची मुळं, सांगितले, एका वेळी याहून जास्त नाही. मागून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही, तो साठा जन्मभर पुरवायचा असतो, असं म्हणाले. खर्च 1,32,000, वर जीएसटी. मला ते महागडे आणि घाबरट वाटले. दुसरीकडे तारीखच चार महिन्यांनंतरची होती. तिसरीकडे 4,000 ग्राफ्ट, सरसकट 75,000! जास्त माल कमी पैशात, तिथेच ठरवलं. मी काय सेलमध्ये चादरी घ्यायला गेलो होतो?

केस प्रत्यारोपणावर 18 टक्के जीएसटी लागतो. 'बिल हवं तर 88,500, नको असेल तर 75,' बाई म्हणाल्या. मी 13,500 वाचवले. हे लिहिताना अजून कान गरम होतात. टोकनचे 5,000 आणि नंतरचे 20,000 बाईंच्या स्वतःच्या नावाच्या यूपीआयवर, 50,000 रोख. दवाखान्याच्या खात्यात पैसे जात नसतील तर तिथून चपला घालून निघा. पावतीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक छापलेला असला पाहिजे, हा नियम 2002 पासून आहे. माझ्याकडे पावतीच नाही.

आता तो दिवस. सकाळी साडेआठला बोलावलं. चहा दिला, गाऊन दिला, खुर्चीत बसवलं आणि एका पोराने मशीन फिरवून पाच मिनिटांत डोकं साफ केलं. त्यानंतर, डोक्याचा चेंडू झाल्यावर, हातात संमतीपत्र आलं. चार पानं, इंग्रजीत. शेवटच्या पानावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक यासाठी तीन ओळी होत्या. तिन्ही कोऱ्या.

मी क्वालिटीला आहे हो. तपासणाऱ्याची सही नसलेला रिपोर्ट मी गेटबाहेर जाऊ देत नाही. दोन शतांश मिलिमीटरसाठी सप्लायरचा अख्खा लॉट परत पाठवलाय, त्याच्या शिव्या खाल्ल्यात. आणि माझ्याच डोक्याच्या कागदावर तीन ओळी कोऱ्या दिसल्या, मी त्यावर बोटही ठेवलं आणि विचारलं, 'हे कोण भरणार?' बाई म्हणाल्या, 'सर नंतर भरतात, दादा.' मी सही केली. का केली? कारण आरशात तो गोटा दिसत होता. तसा उठून कुठे जाणार होतो? घरी काय सांगणार, कंपनीत काय सांगणार? डोकं आधी आणि कागद नंतर, हा क्रम चुकून पडलेला नाही हे मला खूप उशिरा उमगलं. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती अशी.

'सर' आले, मार्करने कपाळावर रेघ मारली, 'मस्त दिसाल' म्हणाले आणि गेले. चार मिनिटं. परत दिसले नाहीत. रक्ताची तपासणी झाली नव्हती, बीपी कोणी घेतलं नाही, औषधाची ॲलर्जी आहे का हे कोणी विचारलं नाही. भुलीची इंजेक्शनं दोन पोरांनी दिली. नऊ तास तेच दोघे. दुपारी एक जण दुसऱ्याला म्हणाला, 'मागनं अजून काढ, चार हजार लिहिलंय.' ते मी पालथा पडून ऐकलं. 2019 मध्ये मुंबईत एक व्यावसायिक केस लावून घेतल्यानंतर दगावला होता, ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊन. 2025 मध्ये कानपूरचे दोन इंजिनिअर असेच दगावल्याची बातमी आली. दोन्ही मी नंतर वाचलं.

आणखी एक कबुली. तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी असताना मी त्यांना पाच तारे दिले, कारण त्या बदल्यात एक पीआरपी फुकट होतं. म्हणजे तिथले गोड रिव्ह्यू वाचून जो कोणी गेला असेल, त्यात माझाही हात आहे. नंतर खरा अनुभव लिहिला, तर फोन आला: 'काढा, 15,000 परत देतो.' काढला. पैसे आले नाहीत. एकाच माणसाने मला दोनदा गंडवलं.

या धंद्याची खुबी वेळेत आहे. लावलेले केस तीन-चार आठवड्यांत गळतात, ते खऱ्या डॉक्टरकडेही गळतात. तीन-चार महिन्यांनी नवे येऊ लागतात, पूर्ण निकाल वर्षाने. त्यामुळे काहीही विचारा, उत्तर एकच: 'थांबा, दादा.' मी अकरा महिने थांबलो. पुढे तुरळक काड्या आल्या, मागे कसर लागल्यासारखे चट्टे. आता दुरुस्तीला दाढीचे केस वापरावे लागतील म्हणतात, खर्च 1,60,000. थांबू नका. पहिल्या दिवसापासून तारखेसकट फोटो काढा.

चौकीत गेलो. सगळ्यांसमोर टोपी काढायला लावली. हवालदार वाकून बघत म्हणाला, 'टक्कल तर आधीपण होतंच ना? मग नुकसान काय झालं?' मागचे दोघे हसले. मग साहेब म्हणाले, डॉक्टरवर थेट गुन्हा घेता येत नाही, आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागतं, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलंय. बरोबर आहे. पण साहेब, ते संरक्षण डॉक्टरला आहे, आणि माझी तक्रार हीच आहे की हात लावणारा डॉक्टर नव्हता! 'मग कोण होता ते नाव द्या.' नाव कुठून देऊ? ती ओळ कोरी आहे.

दुसऱ्या एका सरकारी कचेरीत म्हणाले, नोंदणी क्रमांक द्या, कारवाई करतो. म्हटलं, नोंदणी नसावी हाच संशय आहे. 'नोंदणी नसेल तर तो आमच्याकडे येत नाही.' तिसरीकडे कारकुनाने विचारलं, तिथे खाटा किती? म्हटलं, खाट नाही, खुर्ची आणि टेबल. 'मग नर्सिंग होमच्या नियमात बसत नाही.' सहा सुट्ट्या गेल्या, त्यातल्या दोन बिनपगारी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच लिहून ठेवलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून केस लावायला शिकणं हे प्रशिक्षण नव्हे. लिहून ठेवलंय, पण ते कुणी कुणाला दाखवायचं?

दवाखान्याकडे लेखी कागदपत्रं मागितली. नियमाने 72 तासांत द्यावी लागतात. उत्तर आलं, 'या नावाची फाइल नाही.' भिंतीवर 'एम.डी.' लिहिलेली फ्रेम होती, तिचा फोटो सुदैवाने मी चहा पिताना काढला होता. झूम केल्यावर खाली बारीक अक्षरात दिसलं: अल्टरनेटिव्ह मेडिसिन, म्हणजे पर्यायी उपचारांची. तुम्ही झूम आधी करा. एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी, नाहीतर त्वचारोगात एम.डी. आणि शस्त्रक्रियेचं शिक्षण. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा चालणार नाही. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर स्वतः शोधा. आणि चिरा कोण देणार, मुळं कोण काढणार, हे कागदावर नावानिशी घ्या, मशीन सुरू होण्याआधी.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, त्यातली सव्वा मी 'थांबा, दादा'मध्ये आणि कचेऱ्यांत घालवली. पुरावा म्हणून चॅट आणि 25,000 चे स्क्रीनशॉट. रोख 50,000 मी दिलेच नाहीत, असं समोरचा वकील म्हणतो.

बाईंचा नंबर ब्लॉक केलेला नाही. गेल्या आठवड्यात त्यावरून मेसेज आला: गणपती ऑफर, 4,500 ग्राफ्ट, 65,000, मित्राला आणलं तर 2,000 तुम्हाला. प्रिंट काढून फाइलला लावलीय.