शनिवार-रविवारचा रेडिओ: अमेरिकेचा की न्यूझीलंडचा?

चालू घडामोडी आणि कला दोन्ही एका बैठकीत ऐकवणारा इंग्रजी रेडिओ कार्यक्रम हवा असेल, तर माझ्या लेखी खरी निवड दोघांतच आहे: अमेरिकेच्या एनपीआरचा (नॅशनल पब्लिक रेडिओ, तिथली सार्वजनिक रेडिओ संस्था) 'वीकेंड एडिशन' आणि रेडिओ न्यूझीलंडचा 'सॅटर्डे मॉर्निंग'. बीबीसी रेडिओ 4 वर रविवारी 'ब्रॉडकास्टिंग हाउस' असतो. पाहुण्यांना बसवून वर्तमानपत्रांवर गप्पा रंगवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण तासाभरात आटोपतो, आणि ब्रिटनचं राजकारण ठाऊक नसेल तर निम्मे चिमटे डोक्यावरून जातात.

एनपीआरचा कार्यक्रम दोन्ही दिवशी दोन-दोन तास चालतो. शनिवारची बाजू स्कॉट सायमन 1985 पासून सांभाळतायत. बातम्या, युद्ध, बेसबॉल, नवी कादंबरी, एखादा गायक असं भराभर पुढे सरकतं. एकेक तुकडा चार ते आठ मिनिटांचा. स्वयंपाक करताना कानावर पडायला उत्तम. मात्र लेखक रंगात येतो न येतो तोच आभार मानून त्याला वाटेला लावतात, हे मला खटकतं.

न्यूझीलंडचं गणित उलटं. सकाळी 8 ते 12, चार तास, आणि पाहुणा शास्त्रज्ञ असो की चित्रकार, त्याला ऐसपैस वेळ. किम हिल यांनी 2002 पासून नोव्हेंबर 2023 पर्यंत हा कार्यक्रम चालवला. गृहपाठ पक्का, आवाज खर्जातला. पाहुण्याने गुळमुळीत उत्तर दिलं की त्या तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत टाकायच्या. मग समोरचा जरा थांबायचा आणि खरं काय ते बोलायचा. 'प्लेइंग फेव्हरिट्स' या सदरात पाहुणा आवडीची गाणी निवडून त्यांच्या निमित्ताने स्वतःबद्दल सांगायचा. कलेसाठी ऐकणार असाल तर त्यांच्या जुन्या मुलाखतींपासूनच सुरुवात करा.

वेळेचा मुद्दा भारतातल्या श्रोत्यांसाठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी 8 वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. म्हणजे ऐन चहाची वेळ. न्यूझीलंडचा कार्यक्रम सुरू होतो तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची मध्यरात्र उलटून गेलेली असते, त्यामुळे थेट ऐकायचं विसरा. मुलाखती सुट्या सुट्या संकेतस्थळावर मिळतात, त्या सवडीने ऐका. एनपीआर शब्दशः संहिताही देतं. इंग्रजी उच्चारांना कान सरावलेला नसेल त्याला तिचा मोठा आधार.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही फुकट. रेडिओ न्यूझीलंडच्या मुख्य वाहिनीवर जाहिराती नाहीत. एनपीआरवर प्रायोजकांची नावं येतात, आणि अधूनमधून तिचे कार्यक्रम लावणारी स्थानिक स्टेशनं वर्गणीसाठी हात पसरतात. ही प्रथा जुनीच, पण 2025 मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा निधी काढून घेतल्यावर तिची गरज आणखी वाढली.

तरी रविवारच्या एका सदरासाठी एनपीआर सोडवत नाही: कोडेकार विल शॉर्ट्झ यांचं शब्दकोडं. ते 1987 पासून चालू आहे. आधीच्या आठवड्याचं बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांतून एकाला फोन जातो, तो हवेतच नवी कोडी सोडवतो, अडखळला की निवेदिकाही मदतीला धावते. बक्षिसात कोटाला लावायची एक पिन असते आणि तिच्यासाठी माणसं जिवाचं रान करतात. अमेरिकेत मुलांना रविवारी मराठी शाळेत सोडायला जात असाल, तर गाडीत हेच लावा. मागच्या सीटवरून उत्तरं आधी येतात.