जीआरडीसीच्या नदीप्रवाह नोंदी : दुष्काळाची तीव्रता ठरवायला कितपत कामाच्या?

जर्मनीत कोब्लेंझ इथे असलेल्या ‘ग्लोबल रनऑफ डेटा सेंटर’कडून (जीआरडीसी) जगभरच्या नद्यांच्या दैनिक आणि मासिक विसर्गाच्या नोंदी मोफत मिळतात. जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली १९८८ पासून हे काम चालू आहे. होऊन गेलेला दुष्काळ किती तीव्र होता हे ठरवायला हा संग्रह उत्तम. चालू हंगामासाठी मात्र त्यावर विसंबू नका. देशोदेशीच्या नोंदी उशिरा पोहोचतात आणि नदीवरच्या कित्येक मोजणी केंद्रांच्या नोंदींची मालिका कधीच थांबलेली आहे.

फाईल साधी असते, विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात. नोंद नसलेल्या दिवसापुढे -९९९ लिहिलेले असते आणि घोळ होतो तो इथेच. नदी रोज सेकंदाला १०० घनमीटरने वाहते आहे आणि महिन्यात -९९९ चा एकच आकडा तसाच राहिला, तर ३० दिवसांची सरासरी थेट ६३ वर येते. हा आकडा इतका खरा वाटतो की कुणाला शंकाही येत नाही आणि नसलेला दुष्काळ आलेखात उभा राहतो. ते रकाने आधी रिकामे करा, सरासरी नंतर.

केंद्राची मालिका किमान ३० वर्षांची हवी. लगेच वर मोठे धरण असेल तर ते केंद्र वगळा, कारण तिथे धरणातून सोडलेले पाणी मोजले जाते.

प्रवाह ज्याच्या खाली गेला की दुष्काळ धरायचा, तो उंबरठा म्हणून क्यू-९० घ्या, म्हणजे ९० टक्के दिवस ज्याहून जास्त पाणी वाहते तो विसर्ग. तो महिन्यागणिक वेगळा काढा, नाहीतर दरवर्षीचा कोरडा ऋतूच दुष्काळ ठरेल. उंबरठा १० आणि प्रवाह ६ असेल तर दिवसाची तूट ४ × ८६,४०० = ३,४५,६०० घनमीटर, म्हणजे सुमारे ०.३५ दलघमी (दशलक्ष घनमीटर). अशा सलग दिवसांची बेरीज हीच तीव्रता. मधे दोन-तीन दिवस पाणी वाढले म्हणून दुष्काळाचे दोन तुकडे करू नका. नदी आटतच असेल तर क्यू-९० शून्य येतो, मग कोरडे दिवस मोजा.

प्रदेशाचा अंदाज बांधताना एकाच नदीवरच्या केंद्रांची तूट एकमेकांत मिळवू नका, खालच्या केंद्रात वरचे पाणी आलेलेच असते. आणखी एक उणीव : विसर्ग पाणीपातळीवरून काढलेला असतो. पात्र उथळ असताना वाळू सरकली किंवा पाणवनस्पती माजली, तर थोड्या सेंटिमीटरच्या फरकानेही आकडा बराच चुकतो. फाईलमधल्या आकड्यांवरून हे कळत नाही, त्यासाठी शेजारच्या केंद्राशी ताडून पाहावेच लागते.