‘पहि’पाशी तुटलेला पत्ता: वर्डप्रेसच्या पर्मालिंकच्या पानाबद्दल

साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात २८ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर जुन्या दिवाळी अंकांवर लिहायला ब्लॉग काढला. भाच्याने वर्डप्रेस हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि बजावलं, “मावशी, एकही लेख टाकायच्या आधी सेटिंग्जमधलं पर्मालिंकचं पान बघून घे.” मी बघितलं, पण १४ लेख टाकून झाल्यावर. पर्मालिंक म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, आणि तो कसा दिसावा हे त्या पानावर ठरतं. तेव्हा हा अभिप्राय त्या एका पानापुरताच.

पानावर सहा पर्याय आहेत: साधा, दिवस आणि नाव, महिना आणि नाव, आकडा, लेखाचं नाव, आणि शेवटचा आपल्या मनाने जुळवायचा. ग्रंथपालाला हे पान चटकन कळतं. साधा पत्ता म्हणजे आमचा दाखल अंक, पुस्तक ग्रंथालयात आलं की त्याला मिळणारा नुसता क्रमांक. प्रश्नचिन्ह, पी, बरोबरचं चिन्ह, १२३. विषय बदलो, शीर्षक बदलो, तो तसाच राहतो. फक्त वाचणाऱ्याला त्यातून काडीचा बोध होत नाही. शेवटच्या पर्यायात विभागाचं नाव पत्त्यात घालता येतं, तो झाला वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा आकडा. आणि वर्गांकाचं दुखणं मला कुणी सांगायला नको. सणावाराच्या पदार्थांचं पुस्तक स्वयंपाकाच्या ६४१.५ला लावलं, की कुणीतरी प्राध्यापक येऊन म्हणणार, अहो हे चालीरीतींचं, ३९०ला हवं. मग लेबल खरवडा, नवं चिकटवा. इथेही तेच. लेख दोन विभागांत टाकला तरी पत्त्यात एकच येतो, आणि विभाग बदलला की पत्ता बदलतो. त्या वाटेला गेलेच नाही.

माझ्याकडे ‘दिवस आणि नाव’ आधीच निवडलेलं होतं. बातम्या देणाऱ्याला ते शोभतं. मी लिहिलं होतं १९०९ सालच्या अंकावर आणि पत्त्यात मात्र २०२४, महिना, तारीख असं सगळं साग्रसंगीत. कोरेगावहून एका बाईंचा फोन आला, की हा २०२४चा अंक कुठे मिळेल? त्यांचं काय चुकलं?

म्हणून ‘लेखाचं नाव’ निवडलं. छोट्या ब्लॉगला हाच पर्याय घ्यावा, दुसरा विचार करू नये. पण मराठीत लिहिणाऱ्याची खरी गंमत यापुढेच आहे.

माझं शीर्षक होतं ‘मनोरंजनचा १९०९ सालचा पहिला दिवाळी अंक’ (‘मनोरंजन’ हे मासिक). त्यावरून पत्त्याचा जो तुकडा आपोआप तयार होतो, त्याला स्लग म्हणतात. तो ब्राउझरच्या पट्टीत देवनागरीत छान दिसतो. कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला, की एकट्या ‘म’चं होतं टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई. एका अक्षराच्या जागी नऊ चिन्हं! काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची प्रत्येकी वेगळी नऊ. आणि स्लगला जागा आहे २०० चिन्हांची. भागाकार करा, जेमतेम बावीस बसतात. माझा पत्ता ‘मनोरंजनचा-१९०९-सालचा-पहि’ इथे तुटला. ‘पहिला’मधला ‘ला’ गेला, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो ‘दिवाळी अंक’ तर आत आलाच नाही. याच शीर्षकाला ‘भाग दुसरा’ जोडून पुढचा लेख टाकला असता, तर त्यालाही ‘पहि’च मिळाला असता, शेपटीला नुसता २ लावून.

उपाय साधा आहे, स्लगच्या चौकटीत रोमन अक्षरांत आपणच टाइप करायचं. दोन-तीन शब्द, मध्ये आडवी रेघ (-), खालची (_) नव्हे. मराठी अंकावर मराठीत लिहायचं आणि पाटी रोमनमध्ये लावायची, हे मला अजून रुचलेलं नाही. पण तालिकापत्रावर, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीच्या छोट्या कार्डावर, मावेल तेवढंच लिहायची सवय आहे, तीच इथे कामी आली.

आता कौतुकाचं. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा स्लग बदलला, तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्यावर आणून सोडतं. मी मात्र पत्त्याचा आराखडा (म्हणजे वरच्या सहांतला पर्याय) आणि स्लग दोन्ही एकाच दुपारी बदलले, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहिले नाही. दाखल नोंदवहीसारखी वही आखली, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, आणि १४ही लेखांना एका प्लगइनमधून ३०१ म्हणजे कायमचं वळण लावलं. दीड तास गेला. शंभर लेख झाल्यावर हे सुचलं असतं तर वही मिटूनच ठेवली असती. आणखी एक युक्ती: सगळेच लेख अचानक ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दाखवायला लागले, तर याच पानावर काहीही न बदलता नुसतं ‘सेव्ह’ दाबून बघा. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात. माझं पहिल्यांदा गेलेलं सगळं तेवढ्यावर परत आलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण ‘पहि’चा कापला. उरलेला एक यासाठी, की इतकं महत्त्वाचं पान सेटिंग्जच्या यादीत बरंच खाली बसलंय आणि नवख्याला तिथे कुणी बोलावत नाही.

पंधरावा लेख टाकल्यावर कोरेगावच्या बाईंना फोन केला आणि पत्ता तोंडी सांगितला, अक्षर अक्षर करत. “थांबा हं, चष्मा घेते,” म्हणाल्या. मग टाइप केल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने, “उघडलं. पण हा अंक तरी कुठे मिळेल?”