पीएस५ की सिरीज एक्स: दोन्ही एकाच टीव्हीला लावून वापरल्यावर

आधीच सांगतो, सोनीचं प्लेस्टेशन ५ (पीएस५) आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही कन्सोल माझ्याकडे आहेत, दोन्ही एकाच टीव्हीला लावलेत आणि दोन्हीवर काही ना काही चालूच असतं, त्यामुळे मी कुठल्याच कॅम्पमधला नाही. हे लिहायला बसलो कारण कोणीतरी नवीन माणूस साधं विचारतो की बाबांनो यातलं कुठलं घेऊ, आणि त्याला उत्तर मिळायच्या आधीच तिथे दोन टोळ्या एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एक म्हणतो एक्सबॉक्स मेला, दुसरा म्हणतो प्लेस्टेशनवाले आंधळे भक्त. आणि ज्याने विचारलं तो बिचारा तसाच राहतो. त्याच्यासाठी हा रिव्ह्यू.

मशीनचं पटकन उरकतो, कारण जितकं भांडण मशीनवरून होतं तितका फरक तिथे नाहीच. दोन्ही २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांच्या फरकाने आली. दोन्हींच्या पोटातली मुख्य चिप एएमडीची, झेन २ सीपीयू आणि आरडीएनए २ ग्राफिक्स, दोन्हीत १६ जीबी मेमरी. सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप्स (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप) आणि पीएस५ चे १०.२८ यावरून लोकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडली, पण एकच गेम दोन्हीवर लावला तर फरक शोधायला चित्र थांबवून झूम करून बघावं लागतं, आणि गेम खेळताना असं कोणी करत नाही. पीएस५ आकाराने अवाढव्य आहे, जागा मोजून घ्या. सिरीज एक्स नुसता काळा ठोकळा पण एकदम शांत. क्विक रिझ्युम मला खरंच आवडतं, चार-पाच गेम अर्धवट सोडून ठेवायचे आणि हवा तो जिथे सोडला तिथून काही सेकंदांत सुरू. जुन्या डिस्क असतील तरी सिरीज एक्सच पुढे, एक्सबॉक्स ३६० चे आणि अगदी पहिल्या एक्सबॉक्सचेही बरेच गेम चालतात. पीएस५ वर पीएस४ चे जवळपास सगळे गेम चालतात पण पीएस३ ची डिस्क घातली तर काही होत नाही.

आता कंट्रोलर, इथे मात्र मी थांबणार, कारण खरा फरक हातात आल्यावर कळतो. पीएस५ सोबत जो ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम फुकट येतो ना, तो आधी लावा. तो छोटा रोबो धातूच्या पत्र्यावरून चालतो तेव्हा तळहातात टकटक येते, वाळूत गेला की तीच टकटक भुसभुशीत होते, आणि हे सगळं आवाज बंद करूनही कळतं. रिटर्नल या गेममध्ये तर डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम धरता येतो आणि तिथे बोटाला मध्येच एक अडथळा लागतो, तो जोर लावून पार केला की बंदुकीचा दुसरा मारा तयार. एकाच बटणावर दोन कामं, आणि बोटाला ती वेगळी कळतात. असलं काही एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर नाही, ट्रिगरमध्ये व्हायब्रेशन आहे तेवढंच. पण तासन् तास खेळायचं असेल तर माझ्या हाताला एक्सबॉक्सचाच कंट्रोलर बरा वाटतो, पकड मस्त आहे, आणि दोन एए सेल घातले की बराच काळ बघायला नको. डुअलसेन्सची, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरची, बॅटरी लवकर बसते आणि ही त्याची मोठी कमजोरी आहे, फॅन काहीही म्हणोत.

आणि ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता अंगठ्याची स्टिक आपोआप हलल्यासारखी वागणं. जॉयकॉनच्या, म्हणजे निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरच्या, ड्रिफ्टवरून सगळे निन्टेन्डोवाल्यांना हसले, २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी ग्राहकांच्या त्रासाबद्दल माफीही मागितली. पण डुअलसेन्स आणि एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमधली स्टिकसुद्धा घासून झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवरच (स्टिक किती सरकली ते मोजणारा भाग) चालते. घासली की झिजणार, झिजली की कॅरेक्टर आपोआप डावीकडे चालायला लागणार. माझा एक कंट्रोलर असाच गेला, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही कारण सांगितलं की लगेच दुसऱ्या बाजूचे नाचायला लागतील आणि त्यांच्याही कंट्रोलरच्या पोटात तेच आहे. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक्स बाहेरच्या कंपन्या विकतात, मग एवढ्या मोठ्या कंपन्यांनी त्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये का नाही घातल्या, हा प्रश्न तिन्ही कंपन्यांच्या फॅन्सनी एकत्र विचारायला पाहिजे होता.

अंगठ्याच्या सवयीचंही सांगतो, कारण माणूस एका कन्सोलला चिकटतो त्यात याचा मोठा हात असतो आणि कोणी बोलतच नाही. स्क्रीनवर एक्स दाबा असं आलं तर एक्सबॉक्सवर ते बटण डावीकडे, निन्टेन्डोवर वर, आणि प्लेस्टेशनवर ज्याला सगळे एक्स म्हणतात ती फुली खाली. निन्टेन्डोवर ओके म्हणायचं ए उजवीकडे, एक्सबॉक्सचं ए खाली. त्यात जपानमध्ये प्लेस्टेशनवर गोल म्हणजे ओके आणि फुली म्हणजे रद्द असं वर्षानुवर्षं होतं, ते पीएस५ आल्यावर उलटं केलं, म्हणजे तिथल्या माणसांना आपल्याच ब्रँडच्या नव्या मशीनवर अंगठ्याला नवी सवय लावावी लागली. बॉस मारायच्या ऐन वेळी अंगठा जुन्या जागी जातो तेव्हा माणूस वैतागतो आणि म्हणतो हे कन्सोलच भिकार आहे. कन्सोल भिकार नसतं, हात दुसरीकडे तयार झालेला असतो.

पण सगळ्यात घट्ट गाठ आहे ती लायब्ररीची. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२३ मध्ये एका मुलाखतीत स्वतःच म्हणाले होते की जी पिढी हरणं सगळ्यात वाईट तीच आम्ही हरलो, आधीच्या कन्सोलची म्हणजे एक्सबॉक्स वनची, कारण तेव्हाच लोकांनी आपली डिजिटल लायब्ररी उभी केली. अगदी खरं आहे. डिस्कवाल्या काळात कन्सोल बदललं तर जुने गेम विकून टाकता यायचे, आता शंभर गेम एका अकाउंटमध्ये अडकलेत, ट्रॉफ्या तिथे, मित्र तिथे. लोक याला निष्ठा म्हणतात, पण बऱ्याच वेळा तो नाइलाज असतो. सेव्हचंच, म्हणजे गेममध्ये साठवलेल्या प्रगतीचंच बघा. एक्सबॉक्सवर सेव्ह आपोआप क्लाउडवर जातात, त्याचे पैसे नाहीत. पीएस५ वर त्यासाठी पीएस प्लस ही पैसे भरून मिळणारी मेंबरशिप घ्यावी लागते, आणि पीएस४ चे सेव्ह यूएसबीवर काढता येतात तसे पीएस५ गेमचे काढता येत नाहीत. म्हणजे मेंबरशिप नसताना मशीन बंद पडलं तर तुमचे शंभर तास त्याच्यासोबत गेले. माझ्या मते पीएस५ मधला हा सगळ्यात मोठा दोष आहे आणि मी त्याचे मार्क कापतोच.

आता हेच मी प्लेस्टेशनवाल्यांच्यात बोललो की उत्तर येतं, मग घे ना प्लस, एवढं काय. इथेच माझं डोकं फिरतं. कंपनीची बाजू आपण का लावून धरायची? हे भांडण काही आजचं नाही, सोनिकवाल्या सेगा कंपनीने जाहिरातीतच निन्टेन्डोचं नाव घेऊन खिल्ली उडवली होती, शाळेतली पोरं सोनिकवाले आणि मारिओवाले अशी वाटली गेली, आणि २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच थांबवलं. २००७ मध्ये मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिम्पिकच्या गेममध्ये शेजारी शेजारी पळत होते. कंपन्यांनी जुळवून घेतलं, भांडलेली पोरं तशीच राहिली.

२०१३ चं उदाहरण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. एक्सबॉक्स वनला चोवीस तासांतून एकदा इंटरनेट लागणार, जुने गेम विकण्यावर बंधनं येणार असं जाहीर झालं, तेव्हाही त्याची पाठराखण करणारे फॅन होते. पण बाकीच्यांनी इतका आरडाओरडा केला की त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ते सगळं मागे घेतलं. २०१८ मध्ये फोर्टनाइट स्विचवर आलं तेव्हा ज्यांनी आपलं एपिक अकाउंट (एपिक म्हणजे फोर्टनाइटची कंपनी) पीएस४ ला जोडलं होतं त्यांना ते स्विचवर वापरताच येईना, तेव्हाही सोनीच्या बाजूने बोलणारे निघालेच. ओरडणारे ओरडत राहिले आणि सप्टेंबरमध्ये सोनीने क्रॉसप्लेचं, म्हणजे वेगवेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळण्याचं, दार उघडलं. २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ च्या पीसीवाल्यांवर पीएसएन, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन, अकाउंटची सक्ती लादायचा प्रयत्न झाला, तोही काही दिवसांत गुंडाळला. आज मी एक्सबॉक्सवरून पीएस५ वाल्या मित्रासोबत खेळतो ते या तक्रार करणाऱ्यांमुळे.

आणि एक्सक्लुझिव्हचा, म्हणजे एकाच कन्सोलवर मिळणाऱ्या गेमचा, मुद्दा तर आता पार पातळ झालाय. सी ऑफ थिव्हज २०२४ मध्ये पीएस५ वर आलं, फोर्झा होरायझन ५ २०२५ मध्ये, त्याच वर्षी गिअर्स ऑफ वॉर सुद्धा, आणि सोनीचं हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर. ज्या गेमच्या नावाने एकमेकांना चिडवलं तेच गेम आता दोन्हीकडे. निन्टेन्डो तेवढं आपल्या वाटेने चाललंय, मारिओ आणि झेल्डा हवे असतील तर स्विचला पर्याय नाही, तिथे ही तुलनाच लागू होत नाही.

तर ज्याने विचारलं होतं त्याला माझं उत्तर. गॉड ऑफ वॉर, स्पायडर मॅन, ॲस्ट्रो हे करायचेच असतील आणि हाताला काहीतरी नवीन अनुभवायचं असेल तर पीएस५, डिस्कवालं, आणि प्लसचा खर्च पहिल्या दिवसापासून धरूनच. जुनी एक्सबॉक्स लायब्ररी असेल, किंवा विकत न घेता गेम पासवर (एक्सबॉक्सची मेंबरशिप) खूप वेगवेगळे गेम चाखायचे असतील, तर सिरीज एक्स. दोन्हीतलं काहीच ठरत नसेल तर ज्यांच्यासोबत खेळणार त्यांच्याकडे काय आहे ते विचारा, कारण क्रॉसप्ले सगळ्या गेममध्ये अजूनही नाही. माझे मार्क, पीएस५ ला दहापैकी आठ, सिरीज एक्सला साडेसात, आणि तो अर्धा मार्क फक्त कंट्रोलरमधल्या त्या ट्रिगरचा.

कंपन्यांकडे एकच मागणं आहे. सायबरपंक आणि बाल्डर्स गेट ३ मध्ये सेव्ह एका कन्सोलवरून दुसऱ्यावर नेता येतो, म्हणजे ते जमतं हे सिद्ध झालंय. मग प्रत्येक गेमच्या बॉक्सवर आणि स्टोअरच्या पानावर, वयोमर्यादेच्या खुणेइतकंच ठळक लिहा की यातला सेव्ह बाहेर नेता येतो की नाही.