पाळी थांबल्यावर नुसतं चालायचं की वजनंही उचलायची?

माझ्या धाकट्या जावेची पाळी थांबून दीड वर्ष झालं. आठवड्यातले सहा दिवस पाऊण तास नागपूरच्या फुटाळा तलावावर चालते, तरी कमरेचा घेर वाढला आणि उपाशीपोटीची साखर 108 आली. परवा विचारत होती, "ताई, चालणं सोडून जिम लावू का?"

चालण्यात तिचं काही चुकलेलं नाही. इस्ट्रोजेन घटलं की चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठायला लागते, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात.

चालण्याचा मोठा फायदा हृदयाला. रक्तदाब उतरतो, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) कमी होतात, पोटातली चरबी हटते. आठवड्याला निदान 150 मिनिटं हवीत आणि वेग असा हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मैत्रिणींसोबत रमतगमत घातलेल्या फेऱ्या मी यात मोजत नाही. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं मात्र जरूर मोजावीत, कारण जेवणानंतर चढणारी साखर तेवढ्यानंही आटोक्यात राहते.

पण ही साखर मुख्यतः जाते कुठे? स्नायूंत. वयानुसार तेच झिजतात आणि नुसत्या चालण्यानं ही झीज भरून निघत नाही. वजनं उचलल्यानं स्नायू टिकतात, वाढतातही आणि पाळी गेल्यावर झपाट्यानं विरळ होणाऱ्या हाडांनाही आधार मिळतो. मधुमेहींवरच्या चाचण्यांत चालण्यासारखा व्यायाम आणि वजनं दोन्ही मिळून केल्यावर, एकच प्रकार करण्यापेक्षा साखर जास्त उतरलेली दिसली.

यासाठी जिमच हवी असं नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून ढकलणं, एक लिटरच्या भरलेल्या दोन बाटल्या. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक प्रकार 8 ते 12 वेळा. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. ते सोपे वाटू लागले की वजन वाढवायचं. श्वास मात्र रोखायचा नाही, त्यानं रक्तदाब एकदम चढतो.

शिवाय आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, त्यात अंगातून येणाऱ्या गरम वाफा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी सातनंतर बाहेर चालणं नकोच. वजनं कूलरसमोर उचलता येतात.

योगासनं तोल आणि लवचिकतेसाठी उत्तम, पण संथ आसनं चालणं आणि वजनं या दोन्हींची जागा घेत नाहीत.

जाऊ अजिबात चालत नसती, तर मी तिला आधी चालायलाच लावलं असतं. पण तिचं चालणं 270 मिनिटं होतं. दोन दिवस वजनांना दिले तरी 180 उरतात. चालणं सोडायचं कारणच नाही.

व्यायामानं एलडीएल फार उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप असं काही झालं, तर गॅस समजून अंगावर काढू नका, लगेच दाखवा.

आणि वजनकाट्यावर विसंबू नका. स्नायू वाढले तर काटा हलत नाही. टेपनं कंबर मोजा. एचबीए1सी साधारण तीन महिन्यांची साखर सांगतं, म्हणून ती तपासणी तीन महिन्यांनी करा. जावेनं वजनांसाठी बुधवार आणि शनिवार धरलेत.